आमचं अजून ठरलं न्हाई

मुलाखतीला निघायच्या सकाळी अक्षदानं प्राचीच्या इस्त्रीच्या साडीवर नाचणीची पेज ओकली, आणि प्राचीच्या मनात आलं, झालं, इथंच संपलं.

डाग पुसून निघण्यासारखा होता, आणि पेज ओकणं हे दहा महिन्यांच्या पोरीचं रोजचंच काम. पण प्राचीचं मन त्या दिवशी प्रत्येक गोष्टीत अपशकुन हुडकत होतं. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, मग कानामागं, मग तळपायाला. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं लागलं. ताप बघायची तिची ही रीत घरात सगळ्यांना पाठ झाली होती.

"न्हाई गं ताप," चिमाबाईंनी चुलीपुढूनच सांगितलं. "तुझंच हात गार पडल्यात."

प्राची सासूला, चिमाबाईंना, आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना, सावळेरामांना, आबा. सासरी शिनोलीत तिच्या शिक्षणाचं नाव कुणाला नीट घेता यायचं नाही. माहेर मंचरचं, बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, त्यावर पुण्यात राहून डॉक्टरेट घेतली, तीसुद्धा डोंगरातल्या जुन्या भातांवर. एका जातीचं भात दुसऱ्या जातीहून आतून, अगदी पेशीच्या गाभ्यातून वेगळं कसं, हे हुडकायचं शास्त्र. गावानं त्याचं आपल्यापुरतं सोपं करून टाकलं होतं. "सावळेरामाची सून भाताची डाक्टर हाय," असं म्हणायचे, आणि उन्हाळ्यात एखादा पोटदुखी घेऊनही यायचा.

या भातानंच तिचं लग्न जमवलं होतं. नमुने गोळा करायला ती आहुप्याला गेली, तेव्हा चिमाबाई माहेरी आलेल्या. ही शिकलेली पोर बांधावर उन्हात बसून भाताची पानं कागदाच्या पुड्यांत घालतेय, प्रत्येक पुडीवर नाव लिहितेय, आणि कुणी हसलं तरी चिडत नाहीये, हे त्यांनी दोन दिवस दुरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला रायभोगाचा भात करून वाढला आणि विचारलं, "आमचा गोरख खोडदला असतो, त्या आकाशाकडं तोंड करून बसलेल्या दुर्बिणीच्या थाळ्या फिरवायच्या मोटरी सांभाळतो. बघतीस का?" बघणं झालं, मग लग्न झालं. गोरख आठवडाभर खोडदला खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा.

प्राची तालुक्याच्या कॉलेजात तासावर शिकवायची. तिथं यंत्र नव्हतं. फ्रिज होता, पण भारनियमनात तो दिवसाचा निम्मा वेळ नुसतं कपाट असायचा. डीएनएच्या रेणूची पिळाची शिडी ती फळ्यावर खडूनं काढायची, पोरं वहीत उतरवायची. चार वर्षं शिडी काढून काढून तिला वाटायला लागलं होतं की आपण ही खरी कधी पाहिलीच नव्हती. अशात पेपरात जाहिरात आली. पुण्याबाहेर टेकडीवर नवं विद्यापीठ उभं राहिलेलं, त्यात रेणवीय जीवशास्त्राचा व्याख्याता हवा होता. जागा एकच.

मुलाखतीच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. उमेदवारानं, किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी, निवड करणाऱ्यांची भेट घेऊन शिफारस केल्यास अर्ज रद्द होईल. प्राचीनं ती वाचली आणि तिला हसूच आलं. आपली शिफारस करायला आपल्या ओळखीचं आहे तरी कोण?

* * *

अक्षदा बाटली तोंडात धरायची नाही. वाटी-चमच्यानं दोन घोट घ्यायची आणि तिसरा अंगावर उडवायची. त्यामुळं पोरगी बरोबर न्यायची, पोरगी सांभाळायला आत्या, आणि आत्या एकट्या कशा, म्हणून आबा, असं ते लटांबर निघालं. गावातल्या भिकाची जीप एरवी घोडेगाव-मंचर वडाप करायची. त्या दिवशी त्यानं दुसरी माणसं घेतली नाहीत.

"वहिनी, आज पेशल गाडी," तो म्हणाला. "माघारी येताना पेढं लागतील."

"आधीच नको बोलू रे," प्राची म्हणाली आणि जीपच्या पत्र्याला हात लावला. लाकूड कुठं सापडलं नाही.

मंचर मागं पडलं. अक्षदा आत्यांच्या मांडीवर झोपली. प्राची खिडकीतून बघत मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होती, तेवढ्यात चिमाबाई सहज बोलून गेल्या, "तितं दारातच मोठी चिंच हाय म्हनं. सावली दाट हाय. तू आत गेलीस की आमी तितंच बसू."

"तुम्हाला काय माहीत, आत्या?"

चिमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. आबा पुढच्या सीटवर बसले होते, त्यांनी मान न वळवता टोपी नीट केली. टोपी नीट केली म्हणजे काहीतरी आहे, हे एवढ्या वर्षांत प्राचीला कळून चुकलं होतं.

"आबा, तुम्ही जाऊन आलात?"

"आलो," आबा म्हणाले. "मागच्या पंधरवड्यात. खोडदला गोरखच्या घरमालकाचा चुलता हाय, धर्माजी. त्यो विद्यापीठात शिपाई हाय. आपल्याच बाजूचा मानूस. म्हटलं, चौकशी करून ठेवावी."

"कसली चौकशी?"

"आता कसली म्हंजे? मानूस द्यायचं म्हटल्यावर घर बघाया नगं?"

भिकानं आरसा तिरका करून मागं बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला. ऐकायला मिळावं म्हणून.

"मी मुलगी नाही आबा, सून आहे. आणि ही नोकरी आहे."

"मंग? लेक देताना बघत्यात आन सून देताना न्हाई बघायचं? हे कुठलं शास्त्र? तू तितं दिसभर ऱ्हाणार. आमाला काय कळणार, कशी ठेवत्यात तुला?" आबांचा आवाज चढला नव्हता, उलट ते खुलले होते, सोयरिकीची बातमी घेऊन आलेल्या माणसासारखे. "घर चांगलं हाय. पानी दिसभर. लाइट गेली तर सोताचं जनरेटर. बायांचं शौचालय वरल्या मजल्यावं हाय, सोच्छ हाय, ते बी बघितलं, म्हंजे धर्माजीच्या बायकोला बघाया लावलं, ती तितं झाडायला असती. मोठा सायेब हाय ठकार म्हणून, त्यो तापट, पन मनात ठेवत न्हाई. धाकटा एक हाय, त्यो जरा आतल्या गाठीचा. त्याच्यापून संभाळून ऱ्हा."

"हे सगळं त्या धर्माजींनी सांगितलं?"

"थोडं त्यानं. थोडं च्याच्या टपरीवाल्यानं. आन ठकार सायबाला मी सोता भेटलो."

प्राची पुढच्या सीटकडं वाकली. "विभागप्रमुखांना? कुठं?"

"घरी. न्हाई तर मानूस कळतो व्हय? हापिसात सगळंच मानूस चांगला असतो."

तिनं पर्समधून पत्र काढलं, तळाची ओळ वाचली आणि एकेक शब्द फोडून मराठीत सांगितली. आबांनी ऐकून घेतलं. भिकानंही ऐकलं. खेडच्या घाटाखाली एक ट्रक पुढं जात होता, त्याच्या मागं जीप रांगत राहिली.

"पन मी शिफारस केलीच न्हाई," आबा म्हणाले. "तुझं नाव काढलं, ह्या बाईचा सासरा एवढंच सांगितलं. गुण बी न्हाई सांगितलं. उलट म्हनलं, आमचं अजून ठरलं न्हाई. आमी बी बघतोय."

"असं म्हणालात?" प्राचीला हसावं की रडावं कळेना. "विद्यापीठाच्या विभागप्रमुखाला म्हणालात, आमचं अजून ठरलं नाही?"

"मंग खोटं बोलू का?"

भिका एकदम खोकायला लागला. चिमाबाईंनी त्याच्या पाठीवर चापट मारली, "गाडी बघ फुडं." मग सुनेकडं न बघता हळूच म्हणाल्या, "आन ह्यांनी त्या सायबाला एक इचारलंय. त्या जागंवं आदी बी बाईच व्हती. ती निघून गेली. का गेली ते कुनी धड सांगना. आदीची का गेली ते कळल्याबिगर आपून मानूस देतो का कुटं?"

प्राची खिडकीला डोकं टेकून बसली. तिला आठवत होते ते दोन हिवाळे, प्रयोगशाळेच्या थंड खोलीत स्वेटर घालून काढलेले, आणि अंधारात दिव्याखाली चमकून उठलेल्या डीएनएच्या त्या नारंगी पट्ट्या. पहिल्यांदा रायभोगाची पट्टी वेगळी उमटली, तेव्हा ती एकटीच होती आणि मोठ्यानं ओरडली होती. तसं पुन्हा कधी व्हायचं असेल, तर या एकाच दारातून. आणि त्या दारावर जाऊन आबा टोपी घालून उभे राहिले होते.

* * *

चिंच खरंच दाट होती. पण दुसऱ्या मजल्यावर उमेदवारांची रांग लांबली, वेळ पुढं पुढं सरकत गेली, आणि खालून अक्षदाचं रडणं वर ऐकू यायला लागलं. ते भुकेचं रडणं होतं. प्राचीच्या छातीत दुधाचा ताठा भरून आला. बाकावरचे दोन तरुण उमेदवार परदेशातल्या प्रयोगशाळांची नावं घेत होते. तिनं पदर सावरून घेतला, दुधाचा डाग पडला तर तेवढंच राहिलं होतं.

खाकी कपड्यांतला एक पिकल्या मिशांचा माणूस जवळ आला. "तुमी शिनोलीच्या न्हवं? मी धर्माजी. पोरीला वर घेऊन या. खोली उघडून देतो."

ती साठवणीची खोली होती. रिकाम्या बाटल्या, मोडकी खुर्ची, थर्माकोलची खोकी एकावर एक. प्राचीनं एका उलट्या खोक्यावर बसून पोरीला पाजलं, पण नजर खिडकीवरच होती. खिडकी मोठी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तिला गज नव्हते. खाली सरळ सिमेंटची फरशी. इथं कुणी लहान मूल मोकळं सोडलं तर? तिनं बसल्या जागीच अक्षदाला घट्ट धरलं. बाहेर आत्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या, कुणी आत येऊ नये म्हणून, आणि धर्माजी त्यांना सांगत होता, "आदीच्या म्याडम बी इथंच बसायच्या. त्यांचं बी असंच ल्हान व्हतं."

प्राचीनं ते ऐकलं. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

आत पाच माणसं होती. मधोमध अध्यक्ष, चष्मा नाकाच्या टोकावर. डावीकडं ठकार सर असावेत, कारण त्यांनीच तिच्याकडं ओळख असल्यासारखं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. उजवीकडं हैदराबादहून आलेल्या तज्ज्ञ बाई, मूळच्या मराठवाड्यातल्या. आणि टेबलावर फायली, पाण्याचे पेले यांच्या मधे एक हिरवी पिशवी.

प्राचीनं ती लगेच ओळखली. पिशवी तिच्या डोहाळजेवणाच्या साडीची होती. उंदरानं पदर कुरतडला म्हणून आत्यांनी त्या साडीच्या पिशव्या शिवल्या होत्या, लाल काठाचेच बंद लावून. आणि पिशवीतून, पंखा चालू असूनसुद्धा, रायभोगाचा वास येत होता. या वासासाठी तिनं तीन वर्षं आहुप्याच्या पायवाटा तुडवल्या होत्या.

रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही, ही आबांची रीत तिला ठाऊक होती. जीपमध्ये ते सगळं बोलले आणि हे तेवढं बोलले नाहीत. लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार. पाव्हण्याच्या घरी तांदूळ नेला, यात सांगायचं काय?

प्रश्न सुरू झाले, इंग्रजीतून. प्रबंधाबद्दल, जाती ओळखायच्या खुणा कशा निवडल्या त्याबद्दल. तिनं उत्तरं दिली, बरी दिली असावीत, पण आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. पिशवीचं कुणी नाव काढत नव्हतं. पाण्याचा पेला उचलताना अध्यक्षांनी ती जराशी बाजूला सारली, बस्स. शेवटी तिलाच राहवेना.

"सर, मला एक सांगायचंय," ती मराठीत म्हणाली. "ही पिशवी आमच्या घरची आहे."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "आम्ही शेवटी विचारणारच होतो. डॉक्टर ठकारांनी सकाळीच ती सर्वांसमोर ठेवली. तुम्हाला माहीत होतं?"

"माझे सासरे इथं येऊन गेले हे आज सकाळी जीपमध्ये कळलं. तांदळाचं आत्ता, बघितल्यावर."

"नियम वाचलाय?"

"वाचलाय. त्यांना वाचून दाखवला तो आज. उशीर झाला."

ठकार सर खाकरले. "एक नोंद व्हायला हवी. त्या गृहस्थांनी यांच्यासाठी एक शब्दही टाकला नाही. सोफ्याच्या कडेला बसले, चहा घेतला आणि मलाच प्रश्न विचारले. तुमच्यात ओरडतं कोण? संध्याकाळी बाया घरी कधी जातात? पोराबाळाचं दुखलं-खुपलं तर सुट्टी मिळते का? मी म्हटलं, अहो, निवड अजून व्हायचीय. तर म्हणाले, आमचंबी अजून ठरलं न्हाई. नाही जमलं तर घेऊ नका, राग नाही. घरचा रायभोग म्हणून तांदूळ पुढं केला, मी नको म्हटलं, तर पत्नीच्या हातात देऊन जिना उतरूनही गेले."

हैदराबादच्या बाई आधी ओठ दाबून होत्या, मग त्यांना हसू आवरेना. "अध्यक्ष महाराज, ही शिफारस असेल तर माझ्या पस्तीस वर्षांतली पहिलीच म्हणायची. उमेदवार नाही घेतला तरी चालेल असं सांगणारी." त्यांनी पिशवीचा बंद सोडला, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, हुंगला. "रायभोग म्हणता? बाजारात त्या नावानं काहीही विकतात. हा खराच आहे हे मला सिद्ध करून दाखवा. घरचा आहे, हे कारण चालणार नाही."

प्राचीनं हात पुढं केला. बाईंनी चार दाणे तिच्या तळहातावर टाकले. दाणे हातात आल्यावर तिचा आवाज परत तिच्याजवळ आला.

"गिरणीचा असता तर टोकाचा कोंब उडून गेला असता. हा उखळात सडलाय, काही दाण्यांना कोंब शिल्लक आहे. ते भिजवीन. रुजले तर कोवळ्या पानातून डीएनए काढणं सोपं. नाहीच रुजले तर दाणा कुटून काढावा लागेल. स्टार्च आड येतं, पण निघतं. मग ज्या खुणांवर रायभोग बाकीच्यांपासून वेगळा पडतो त्या बघायच्या, आणि शेजारी आहुप्याचा माझा जुना नमुना लावायचा. एकाच दाण्यावर नाही, निदान वीस-तीस दाण्यांवर. कारण..." ती थबकली.

"कारण?"

"कारण आमच्या आत्या बियाण्यात थोडी जीर, म्हणजे दुसरी एक वासाची जात, मिसळतात. वास वाढतो म्हणून. मला खात्री आहे, यातले काही दाणे रायभोग निघणार नाहीत."

आता अध्यक्षही हसले. पण लगेच सावरून त्यांनी कागदावर टिपण केलं आणि विचारलं, "बाळ लहान आहे. मघाशी आवाज ऐकला. प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालतात. कसं जमवणार?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं घरी आरशापुढं पाठ केलं होतं. घरचे सांभाळतील, काही अडचण येणार नाही. एवढं म्हणायचं आणि हसायचं. तिनं तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं ती बिनगजांची खिडकी आली.

"सर, मी एक विचारू? या जागेवर आधी ज्या मॅडम होत्या, त्या का गेल्या?"

कोपऱ्यातल्या सगळ्यात तरुण सदस्यानं लेखणीचं टोपण घातलं, टक् असा आवाज झाला. प्राचीला कळलं, आपण आपल्या हातानं दार लोटून घेतलं. पण आता शब्द परत घ्यायचे कसे?

"हाच प्रश्न तुमच्या सासऱ्यांनी विचारला होता," ठकार सर टेबलाकडं बघत म्हणाले. "मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देतो. प्रॅक्टिकल चार ते सात असायचं. त्यांनी सकाळची वेळ मागितली. दोनदा मागितली. आम्ही वेळापत्रक बदललं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी राजीनामा दिला."

"बदलता आलं असतं?" प्राचीनं विचारलं.

"आलं असतं," सर म्हणाले.

* * *

चिंचेखाली आबा उभेच होते. भिका जीपच्या बॉनेटवर बसलेला. अक्षदा आत्यांच्या खांद्यावर मान टाकून आल्या-गेल्याकडं बघत होती.

"काय इचारलं?" आबांनी विचारलं.

"बरंच. मग मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला. आधीची का गेली."

"मंग? सांगितलं?"

"खरं सांगितलं. चूक त्यांचीच होती, असंच सांगितल्यासारखं."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "म्हंजे घर खोटं न्हाई," ते म्हणाले. मग माघारी जीपमध्ये, चाकण गेल्यावर, पुढच्या काचेकडं बघत बोलले, "तांदूळ न्हाई न्यायला पायजे व्हता. व्हय ना?"

प्राचीला रागवायचं होतं. सकाळपासून साठवलेला राग होता. पण पुढच्या सीटवरची ती पाठ एवढी आखडून बसली होती की तिनं फक्त म्हटलं, "आबा, त्यात जीर मिसळलीय हेही मी सांगितलं."

"अगं बया!" चिमाबाई ओरडल्या. "घरातलं भाईर सांगितलंस?"

भिकानं पेढ्यांचं नाव काढलं नाही.

मग नुसती वाट बघणं. प्राची रोज ठरवायची की आज विचार करायचा नाही, आणि पोस्टमनची सायकल दिसली की अक्षदाला कडेवर घेऊन ओट्याच्या कडेला जायची. शनिवारी गोरख यायचा. तो म्हणाला, "नाही झालं तर नाही झालं, आपल्या थाळ्या आहेतच." तिनं त्याच्याकडं असं बघितलं की पुढच्या शनिवारी तो त्या विषयावर बोललाच नाही. कॉलेजात ती फळ्यावर शिडी काढायची, आणि हात मधेच थांबायचा. आपण होऊन बोललो ते बरं केलं की वाईट? तो शेवटचा प्रश्न गिळला असता तर? चिमाबाई म्हणायच्या, "गिळलेलं पोटात दुखतं बाई. बोललीस ते बरं केलंस." पण त्यासुद्धा देवापुढं रोज जास्त वेळ उभ्या राहायला लागल्या होत्या.

होळी झाली, पाडवा झाला. आहुप्याहून चिमाबाईंच्या भावानं हिरडा पाठवला होता, तो अंगणात वाळत घातला होता. अक्षदा त्यात रांगत जाऊन एक हिरडा तोंडात घालत होती आणि प्राची तिच्या तोंडात बोट घालून तो काढत होती. तेवढ्यात फाटकाशी एस.टी.तून उतरलेला माणूस उभा राहिला. खाकी नाही, धुतलेलं धोतर. पण मिशा त्याच. हातात हिरवी पिशवी, लाल बंदांची.

पिशवी भरलेली होती. ते आधी दिसलं चिमाबाईंना. त्या हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. नेलेली वस्तू जशीच्या तशी परत आली, याचा अर्थ सोयरिकीत कुणालाही समजतो.

"या पावणं," आबा म्हणाले, कोरड्या आवाजात. पाणी दिलं. धर्माजी ऐसपैस बसला, पाणी प्याला, मिशा पुसल्या. कुठली घाई नाही.

"खोडदला जत्रंला आलोय," तो म्हणाला. "वाट वाकडी करून आलो. सायबांनी तांदूळ माघारी धाडलाय. घेता येत न्हाई, नेम हाय. पंचांनी तसं लिवून ठेवलंय. त्या हैद्राबादच्या बाईंनी तेवढं मूठभर ठेवून घेतलं, तपासाया."

"बरोबर हाय," आबा म्हणाले. "चूक आमचीच."

प्राचीनं अक्षदाला उचलून छातीशी धरलं. तिला वाटलं, निदान उभं राहून ऐकावं.

धर्माजीनं पिशवीत हात घातला आणि तांदळावरचा एक पुडा काढला. जाड कागदाचा, सुतळी बांधलेला. "ही साखर माझी," तो म्हणाला. "नारानगावात घेतली. सायबांचा ह्याच्याशी संबंद न्हाई. ऑर्डर टपालानं येनार हाय, निघाली म्हनून मला सायबांनीच सांगितलं. पन म्हनलं, असली बातमी कागदानं आदी जाऊ ने."

चिमाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. आबांनी टोपीसुद्धा नीट केली नाही.

"आन सायबांनी इचारलंय," धर्माजी मिशीत हसला, "तुमचं ठरलं का? तुमी म्हनला व्हता, अजून ठरलं न्हाई."

आबांनी सुनेकडं हात केला. "तिला इचारा. घर तिला करायचंय."

सगळे प्राचीकडं बघायला लागले. तिचे डोळे भरून आले होते. इतके दिवस या क्षणाची जी जी चित्रं तिनं रंगवली होती, त्यांत ती हसत होती. आता तिच्या तोंडून वेगळंच आलं.

"प्रॅक्टिकल?"

"सकाळी. लावलं बी वेळापत्रक भितीला. पोरांनी आरडाओरडा केला थोडा, उठावं लागतं म्हनून."

"आणि ती खोली? बाटल्यांची?"

"मोकळी केली. मीच हलवल्या समद्या. एक सतरंजी टाकलीय. तुमच्या सासूबाई येनार असल्या तर एक खुर्ची बी देतो म्हनलं सायेब."

"खिडकी?" प्राचीनं विचारलं. "खिडकीला गज नव्हते."

"जाळी बसवली."

"बसवणार आहेत की बसवली?"

"बसवली म्हनतो ना, बाई! मी लोंबकाळून बघितलं. माझं एवढं धूड पेललं."

प्राचीनं अक्षदाला कडेवर नीट घेतलं. पोरीची मूठ तिनं उघडून पाहिली. आत आणखी एक हिरडा होता. तो तिनं काढून घेतला.

"मग ठरलं," ती म्हणाली.

चिमाबाईंनी पुड्याची सुतळी सोडली. आधी धर्माजीच्या हातावर, मग आबांच्या, मग सुनेच्या तोंडात चिमूट घातली, आणि बोटाला चिकटलेली तेवढी नातीच्या ओठांना लावली. वर्ष पुरं व्हायच्या आत साखर द्यायची नाही, हे प्राचीनं घरात सगळ्यांना शंभरदा बजावलं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण तोंडात साखर होती, आणि ती विरघळेपर्यंत अक्षदानं आजीचं बोट स्वच्छ चाटून टाकलं होतं.